डाव्या कानाची टोपी

"सर, एकदा बाजू बदलून ऐका ना," एवढंच संघमित्रा म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. भाजीवाल्याला 'जरा परत वजन करा' म्हणावं इतक्या साध्या सुरात ती बोलली होती. पण ते ऐकून लवू परब लिहायचा थांबला. हातातलं पेन हातातच राहिलं. समोरच्या पडद्यावर मालिकेतल्या एका सासूचं तोंड अर्धं उघडं थांबलेलं होतं, आणि दोन्ही कानांत इअरफोनच्या रबरी टोप्या गच्च बसलेल्या असल्यामुळे लवूला आपल्याच छातीतले ठोके ऐकू यायला लागले. शनिवार होता, साडेचार वाजले होते, खोलीत बाकी कुणी नव्हतं. बाजू बदलायची म्हणजे डाव्या कानातलं बोंडूक काढून उजव्या कानात घालायचं आणि उजव्यातलं डाव्यात. दहा सेकंदांचं काम. त्याने डावं बोंडूक बाहेर काढलं, टोपी शर्टाला पुसली, आणि परत डाव्याच कानात घातलं. संघमित्रा परत आली तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी बघू. आज टोपी नीट बसत नाहीये." ती बरं म्हणाली आणि तिने बाटलीचं झाकण लावलं. झाकण फिरल्याचा आवाज त्याला आला, की नुसतं फिरताना दिसलं म्हणून आल्यासारखा वाटला, हे त्याला सांगता आलं नसतं.

अंधेरीच्या ह्या डबिंग स्टुडिओत लवू एकोणीस वर्षं ऐकण्याचं काम करत होता. हिंदी मालिका मराठीत उतरल्या, आवाज भरले, संगीत चढलं, की शेवटी तो भाग ऐकणाऱ्यांच्या खोलीत येई. कुठे श्वास मोठा आलाय, कुठे खुर्ची करकरलीय, कुठे तारेतली गुणगुण आत शिरलीय, हे मिनिट आणि सेकंद टाकून कागदावर लिहायचं, डाव्या बाजूला की उजव्या तेही लिहायचं, आणि खाली 'ऐकले, ठीक' म्हणून सही ठोकायची. पूर्वी हे काम मोठ्या स्पीकरवर चाले. हल्ली लोक मालिका मोबाइलवर बघतात, कानात बोंडकं घालून, तेव्हा ऐकणाऱ्यांनीही तेच घालून ऐकावं असा साहेबांचा हुकूम निघाला होता. लवूचा कान हा स्टुडिओत दंतकथेचा विषय होता. एकदा त्याने नुसतं ऐकून सांगितलं होतं, की नायिकेच्या आईचा आवाज देणाऱ्या बाईंनी तोंडात खोकल्याची गोळी ठेवून वाक्यं म्हटली आहेत. बाईंनी कबूल केलं. गोळी कुठल्या चवीची ते त्याने सांगितलं नाही, एवढंच काय ते राहिलं, असं लोक पुढे चहाच्या टपरीवर सांगत. नवीन माणूस आला की लवूसरांकडे पाठवत, आणि लवूसर सगळ्यात आधी त्याला टोपी बसवायला शिकवत. कारण सगळी भानगड त्या टोपीत असते. लहान घातली तर आवाज गळतो, मोठी घातली तर अर्ध्या तासात कान ठणकायला लागतो. तिन्ही मापं घालून बघायची, आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल ह्या भ्रमात राहायचं नाही, देवाने माणसाचे दोन कान काही एका साच्यातून काढलेले नसतात. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, डावा कान वर आणि थोडा मागे ओढायचा, तोंड किंचित उघडायचं, टोपी हलके फिरवत आत सरकवायची आणि दहा मोजायचे. मग बोलून बघायचं. आपलाच आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमला, की बसली. बोलण्याखाली वाजणाऱ्या तबल्याचा डग्गा पोटात जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर टोपी सैल आहे. आणि मग तो शेवटचा नियम सांगे, जो त्याने संघमित्रालाही पहिल्याच दिवशी सांगितला होता. एका बाजूला काही कमी वाटलं तर बडबड करू नको, बाजू बदल. दोष दुसऱ्या कानात गेला तर दोष वस्तूचा. आणि दोष त्याच कानात राहिला तर? असं तेव्हा तिने विचारलं होतं. तर डॉक्टरकडे जा, असं म्हणून तो हसला होता. तीही हसली होती.

संघमित्रा घाटकोपरची. वडील बेस्टमधून निवृत्त झालेले, घरात धाकटे दोघं शिकत होते. ती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती, आणि सोमवारी ते सहा महिने भरत होते. तिला कायम करायचं की नाही ह्याचा कागद लवूच्या पिशवीत होता. त्यात एक रकाना होता, 'चुकीच्या खुणा'. म्हणजे नसलेला दोष ऐकून मारलेल्या खुणा. तीन झाल्या की माणूस गेला, कारण नसलेल्या दोषापायी अख्खा भाग परत बसवावा लागतो. संघमित्राच्या तीन झाल्या होत्या. तिन्ही डाव्या बाजूच्या, तिन्ही एकाच जातीच्या. 'बारीक शिट्टी, सतत', असं तिने आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, आणि लवूने तिन्ही वेळा तो तुकडा ऐकून, परत ऐकून, आवाज चढवून ऐकून, शिट्टीबिट्टी काही नाही म्हणून त्यावर काट मारली होती. पहिल्या वेळी अगदी खात्रीने. दुसऱ्या वेळी थोडं चिडून. तिसऱ्या वेळी, म्हणजे आज, काट अर्धीच मारून तो थांबला आणि मग ती पूर्ण केली. पोरगी मूर्ख नव्हती. बाकी तिच्या शंभर खुणा बरोबर निघाल्या होत्या. जिला खुर्चीची करकर ऐकू येते, गिळलेला आवंढा ऐकू येतो, तिला फक्त डावीकडेच भुताटकी कशी ऐकू येईल? आणि तरी तो सगळा दोष टोपीवर ढकलत होता. स्टुडिओने महिन्यापूर्वी नवीन इअरफोन दिले तेव्हापासून त्याचं हे टोपीपुराण चाललं होतं. मधल्या मापाची झाली, मोठ्या मापाची झाली, मग फोमची आणून झाली, जी बोटांत चिमटून बारीक करायची आणि कानात हळूहळू फुगते. वडिलांची जुनी चुन्याची डबी त्याने घासूनपुसून टोप्यांना दिली होती आणि तिच्यात आता अकरा टोप्या होत्या. त्याला माहीत होतं, आणि हेच खरं भयंकर होतं, की टोपी सैल बसली तर जातो तो खर्ज. डग्गा जातो. बारीक, वरचा, सुईसारखा आवाज टोपीमुळे जात नसतो. आणि त्याच्या डाव्या कानात डग्गा शाबूत होता, चांगला पोटात जाणवत होता.

मेट्रोत त्याला बसायला जागा मिळाली. गार हवेत, खिडकीबाहेर साकीनाक्याच्या गच्च्या आणि पत्र्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या सरकत असताना तो मनातल्या मनात आपल्या कानाशी तडजोड करत होता. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्याने कानाजवळ नेऊन एकमेकांवर घासली. कोरडा, सरसर आवाज यायला हवा. आला. किंवा बोटांना जे कळलं तेच त्याला ऐकू आल्यासारखं वाटलं. उजव्या कानाजवळ तेच करायला हात वर गेला आणि त्याने तो केसांतून फिरवून परत मांडीवर ठेवला. समोरची एक बाई त्याच्याकडे बघत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याची आई मालन नेहमी म्हणायची. ती ते घरातल्या फुटक्या कपाबद्दल म्हणायची, पाहुण्यांसमोर कुठला कप काढायचा नाही त्याबद्दल. आई जाऊन चार वर्षं झाली होती. दिवाळीनंतर कानात मळ असेल म्हणून तो विक्रोळीतल्या डॉक्टरकडे गेला होता. मळ निघाला, चांगला गूळ निघावा तसा निघाला, आणि तो खुशीत उठला तेव्हा डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली. ऐकण्याची तपासणी करून घ्या, काही नाही, नुसती खात्री. ती चिठ्ठी पाकिटात होती. तिच्या घड्या आता मऊ पडल्या होत्या. रोज पाकीट उघडलं की ती दिसे आणि तो तिच्यामागचं तिकिटाचं कार्ड काढून घेई. घाटकोपरला उतरताना त्याच्या डाव्या बाजूने कुणीतरी काहीतरी म्हणालं. त्याने पूर्ण वळून बघितलं. एका माणसाला नुसतं पुढे जायचं होतं. "बहिरा आहे काय रे," तो माणूस म्हणाला, आणि हे मात्र लवूला लख्ख ऐकू आलं.

मुंबईत कुणीही कुणालाही बहिरा म्हणतं, त्याला काही अर्थ नसतो. पण परबांच्या घरात हा शब्द कधी उच्चारला जात नसे. सहदेव परब, लवूचे वडील, तरुणपणी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. एका छपराखाली शेकडो साचे, प्रत्येकाचा धोटा ह्या टोकाकडून त्या टोकाला आपटतोय, तिथे माणसाचा आवाज काय चालणार. साचेवाले ओठांनी बोलत. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून, आणि सोबत हाताच्या खुणा. चार साचे ओलांडून पलीकडच्या माणसाशी जेवणाच्या डब्यात काय आहे इथपासून मुकादमाच्या बायकोपर्यंत सगळं बोलणं निवांत होई. सुरुवातीला सहदेवने कानात सुताचे बोळे घातले होते. जोडीदाराने ते उपटून काढले आणि सांगितलं, साचा कानाने चालवायचा असतो, धागा तुटला तर साच्याचा सूर बदलतो, तो ऐकू आला पाहिजे. तेव्हा नीट ऐकता यावं म्हणून त्याने बोळे टाकून दिले, आणि साताठ वर्षांत कान गेले. संप झाला, गिरणी गेली, पण ओठ हलवून बोलायची सवय घरी आली. लवूच्या लहानपणी संध्याकाळच्या वेळी कन्नमवार नगरातल्या त्या खोलीत कुणी आलं असतं, तर त्याला वाटलं असतं की माणसं भांडून अबोला धरून बसली आहेत. प्रत्यक्षात तेव्हा तिघांचं बोलणं चालू असायचं. आणि लवू हा घराचा कान होता. दूधवाला आला, नळाला पाणी आलं, खालून कुणी हाक मारली, की तो बाबांच्या गुडघ्यावर दोन बोटं टकटक करायचा आणि दाराकडे दाखवायचा. दोन टकटक म्हणजे कुणीतरी बोलावतंय. त्या कामाचा त्याला फार अभिमान होता. बाबांना येत नाही ते मला येतं, असा. पुढे त्याच अभिमानावर त्याने पोट भरलं, आणि एकोणीस वर्षं, मुंगीच्या पावलाएवढे दोष पकडायला, आवाजाचं बटण वर वर नेत राहिला. बोळे टाकून देणाऱ्या बापाचाच मुलगा तो.

घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची, आणि ती सांगताना मालन हसून हसून पदराने डोळे टिपायची. गिरणी गेल्यावर सहदेवला विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती, पण कान तपासणार होते. डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि आपण ते परत म्हणायचे. सहदेवसमोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टरांचे ओठ दिसत होते. सत्तावीस. त्रेचाळीस. अठ्ठ्याण्णव. एकही आकडा चुकला नाही. कागदावर 'श्रवणशक्ती उत्तम' असा शिक्का बसला, आणि बहिरा माणूस बारा वर्षं गेट राखत बसला. पाहुणे आले की ही गोष्ट व्हायची, लवूच्या लग्नातही झाली होती, श्वेताच्या माहेरच्या माणसांसमोर. सगळे हसले होते. शनिवारी रात्री जेवताना लवूला ती गोष्ट आठवली आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. काचेच्या कपाटाची त्याला भीती वाटली. कारण त्याच्या लक्षात आलं, की आपणही कधीपासून कोण जाणे, समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतोय.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर श्वेता आत ओट्याशी होती. लवू बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसला. समोरच्या स्टुलावर त्याने मोबाइल ठेवला, त्यात संघमित्राने खूण केलेला तो तुकडा होता, सासूचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं. शेजारी इअरफोन, टोप्यांची डबी, आणि संघमित्राचा कागद. त्याने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान ओढला, टोपी बसवली, दहा मोजले. मग ती काढली आणि दुसरी बसवली. मग तिसरी. शाळेत कान धरून उभं केलेल्या मुलासारखा तो बसला होता. सासू बोलत होती, डग्गा वाजत होता, शिट्टी नव्हती. सातवी टोपी घालताना त्याच्या कपाळाला घाम आला. समजा बाजू बदलली आणि शिट्टी उजव्या कानात ऐकू आली. मग काय उरलं? मग तपासणी, मग तो आलेख ज्यात रेघ एकाएकी खाली कोसळते, मग स्टुडिओत कुजबुज, जी त्याला डावीकडून ऐकूही येणार नाही. मग उजवा कान. तो किती दिवस? लवूला एकदम आपलं म्हातारपण दिसलं, ह्याच खिडकीत, आणि सगळी माणसं नुसती तोंडं हलवताहेत. त्याला भीती वाटली. आणि उलट, बाजू न बदलता सही केली तर काय होतं? काही नाही. एक पोरगी जाते. तिला दुसरीकडे मिळेल, हुशार आहे. हे वाक्य मनात पूर्ण झालं आणि त्याला स्वतःचीच किळस आली, पण भीती काही कमी झाली नाही, ती किळसेच्या शेजारी बसून राहिली.

बाबा समोरच्या पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. शहात्तरीचे, वाळून सुपारी झालेले, पण नजर अशी की गल्लीत कुणाची चप्पल बदलली तरी सांगतील. ते कधीपासून लवूकडे बघत होते कोण जाणे. त्यांनी ओठ हलवले, आवाज न काढता, पूर्वीसारखे. "काय झाला?"

लवूने आतल्या दाराकडे बघितलं. नळ चालू असावा. मग त्याने कानातली टोपी काढली आणि तोही आवाज न काढता बोलला. किती वर्षांनी बोलला असेल. ओठ अवघडले, पण शब्द जागच्या जागी सापडले. "ऑफिसात एक मुलगी आहे. तिला एक आवाज ऐकू येतो. मला येत नाही. मी तिची चूक म्हणून लिहिलं."

"तुझो कान," बाबा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"टोपी बसत नाहीये बाबा."

सहदेवने मान हलवली, नाही अशी. "गणपतीपासून तू मान वळवतस. श्वेता डावीकडसून बोलली तर तुका दोनदा बोलूक लागता. माका दिसता. म्हणान तर मी जेवताना तुझ्या डाव्या अंगाक बसतंय. डाव्या अंगाक श्वेताक बसूक दिलंय नाय."

लवूला आठवलं. गणपतीनंतर बाबांनी आपली नेहमीची जागा, भिंतीजवळची, सोडली होती. पाटावर बसवत नाही, इकडे वारा येतो, असं काहीतरी कारण सांगून. श्वेताने कुरकुर केली होती. लवूला त्यात काहीच दिसलं नव्हतं. त्याला रागही आला, की हे सगळं ह्यांना दिसत होतं आणि हे बोलले नाहीत. "मग सांगितलं का नाही?"

"भियालंय," सहदेव म्हणाले. मग त्यांनी स्टुलावरच्या कागदाकडे बोट केलं. "तिचो कागद?"

लवूने मान डोलावली.

"कपाटाचा तुका ठावक आसा," बाबांचे ओठ सावकाश हलायला लागले, एकेक शब्द पूर्ण करत, जसं चार साचे ओलांडून बोलायचं असावं. "डॉक्टराच्या. त्याच्या पुढचा ठावक नाय. तुझ्या आवशीन कोणाक सांगूक नाय. गेटावर धोक्याची घंटा होती. एका संध्याकाळी मागच्या भिंतीसून तांब्याची तार गेली. सायबान माका इचारल्यान, घंटा वाजली काय? मी म्हटलंय, नाय वाजली." त्यांनी तळहात उलटा केला. "माझो कागद चांगलो. कान एक नंबर, शिक्को मारलेलो. मग घंटा बिघडलेली असतली. घंटा बघणारो वायरमन होतो, श्यामकांत. तो रडत होतो, म्हणत होतो, घंटा बरी आसा. त्येका काढल्यानी. मी थयच उभो होतंय." पुढचे दोन शब्द त्यांनी दोनदा म्हटले, कारण पहिल्यांदा ओठ थरथरले आणि नीट झाले नाहीत. "घंटा वाजलेली. आख्ख्या गल्लीन आयकलेली."

आत भांड्यांचा आवाज झाला. उजव्या कानाने लवूला तो सांगितला. लवू बाबांकडे बघत राहिला. लग्नात, मुंजीत, दर गणपतीत ती कपाटाची गोष्ट झाली होती, आणि प्रत्येक वेळी बाबा भिंतीला टेकून, मान खाली घालून ऐकत, म्हणजे बघत, बसायचे. सगळ्यांना वाटायचं म्हातारा लाजतोय. आपण तेव्हा किती मोठ्याने हसायचो. तीस वर्षं हा माणूस हसणारी तोंडं बघत बसला. त्या श्यामकांतचं काय झालं असेल, हे विचारायला लवूचे ओठ उघडले आणि मिटले. बाबांना माहीत नसणार, आणि माहीत असतं तर ते आणखी वाईट होतं.

मग त्याने बाजू बदलली. काही ठरवून नाही. हात आपोआप गेले, एकोणीस वर्षांच्या सवयीने, नवीन माणसाला दाखवताना जातात तसे. 'डावा' लिहिलेलं बोंडूक उजव्या कानात, उजवं डाव्यात. कान वर ओढला, तोंड उघडलं. एक, दोन, तीन. आठला थांबावंसं वाटलं. दहाला त्याने मोबाइलवर बोट टेकवलं. सासू बोलायला लागली आणि तिच्या पहिल्या शब्दाच्याही आधी, उजव्या कानात, कपाच्या ओल्या कडेवरून बोट फिरवावं तशी शिट्टी सुरू झाली. बारीक आणि सरळ, कुठेही न तुटणारी. शोधावी लागली नाही, आवाज चढवावा लागला नाही. शेंबड्या पोराला ऐकू आली असती. अर्धा मिनिट ती वाजत होती आणि लवूच्या डाव्या कानात त्या वेळी नुसता डग्गा होता, ऊबदार, गोल, सगळं कसं ठीक चाललंय असं सांगणारा. तुकडा संपला. त्याने परत लावला. शिट्टी होती. त्याला वाटलं होतं की रडू येईल, पण आलं नाही.

त्याने कागद मांडीवर ओढला. 'चुकीच्या खुणा' ह्या रकान्यातला तीनचा आकडा खोडला आणि शून्य लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'तिन्ही खुणा बरोबर. चूक तपासणाऱ्याची, त्यास डाव्या कानाने ऐकू येत नाही. कायम करावे.' सही केली. सही नेहमीसारखीच आली ह्याचं त्याला नवल वाटलं. मग पाकिटातली चिठ्ठी काढून त्याने कागदावर ठेवली, आणि दोन्हीवर चुन्याची डबी ठेवली, पंख्याने उडू नये म्हणून. सोमवारी साहेबांच्या टेबलावर हा कागद गेल्यावर आपलं काय होणार ह्याचा विचार त्याच्या मनात आला आणि तिथेच उभा राहिला, आत आला नाही आणि गेलाही नाही. संघमित्राला आजच फोन करावा का? काय म्हणायचं? ती हुरळून जाणार नाही, ती आधी गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्याची त्याला धास्ती वाटली. तरी त्याने मोबाइल हातात घेतला. तिचं नाव शोधलं. कानांत बोंडकं तशीच होती, उलटी, ती काढायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याची धार दगडावर पडत होती, आणि खिडकी डावीकडे होती.

गुडघ्यावर काहीतरी लागलं. दोन बोटं. टकटक.

लवूने चमकून बघितलं. बाबा पलंगावरून पुढे वाकले होते. दुसरा हात त्यांनी आतल्या दाराकडे केला होता. दारात श्वेता उभी होती, ओले हात साडीला पुसत, तोंड उघडं, कपाळावर आठी. बहुतेक तिसऱ्यांदा हाक मारत होती.